काकूंच्या नावाची नोटीस

"अजून एक घे," म्हणत काकूंनी माझ्या ताटलीत तिसरं थालीपीठ टाकलं आणि वर लोण्याचा गोळा ठेवला. मी तोंडानं नको नको म्हणत होते आणि हातानं ताटली पुढं करत होते.

खरं तर मी आले होते त्यांच्या नवऱ्याकडं, अप्पांकडं, भाड्याच्या घराचं डिपॉझिट परत मागायला. रिक्षात बसल्या बसल्या वाक्यं पाठ केली होती. "अप्पा, आता फार झालं. मला आजच्या आज काय ते सांगा." रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं, इतक्या जोरात पाठ केली होती. दारात मात्र काकूंनी "आली गं माझी नंदा" म्हटलं, खमंग वास आला, आणि वाक्यं जी कुठं गेली ती गेलीच.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी घास गिळला आणि पुढं झुकले. "अप्पा, ते डिपॉझिटचं…"

"शूऽऽ," अप्पांनी स्वयंपाकघराकडं डोळे फिरवले. "हिच्यासमोर नको. बीपी आहे हिला. पैशाचं नाव काढलं की चक्कर येते बघ."

"अहो पण दिवाळीत घर सोडलं आम्ही. किती दिवस झाले."

"पैसा काय पळून जातोय का? संक्रांत होऊ दे."

"संक्रांत झाली, अप्पा."

"झाली का? मग शिवरात्र."

काकू कपबशा घेऊन बाहेर आल्या. "काय कुजबुज चाललीय दोघांची?"

"काही नाही," अप्पा म्हणाले, "हिच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारत होतो."

"हो," मी लगेच म्हटलं, "बराय आता गुडघा."

माझ्या सासूबाईंचा गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता. पण मी एवढ्यावर थांबले नाही. काकूंनी विचारलं म्हणून कुठलं तेल लावतो तेही सांगितलं. जाताना काकूंनी कुंकू लावलं, परसातल्या शेवग्याच्या शेंगा पिशवीत घातल्या, आणि मी मान डोलवत घरी आले.

"मिळालं?" विलासनं, माझ्या नवऱ्यानं, विचारलं.

"शेंगा मिळाल्या," मी म्हटलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हाचा माझा अवतार आठवला की अजूनही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

सांगलीत आम्ही आवटींच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. ते दोघं मागच्या गल्लीतल्या मोठ्या घरात, आम्ही या छोट्या घरात. अप्पा सरकारी खात्यातनं निवृत्त झालेले. छोटं घर काकूंच्या नावावर होतं, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं, लाईट बिलच 'प्रमिला दत्तात्रय आवटी' या नावानं यायचं. काकू हसून म्हणायच्या, "नाव तेवढं माझं. बाकी सगळं हे बघतात." राहायला आलो तेव्हा विलासनं चाचरत कराराचं विचारलं, तर अप्पांना वाईटच वाटलं. "घरच्या माणसांत कसला आलाय करार? आमच्या हीनं नंदाला मुलगी मानलंय." विलास पतसंस्थेत वसुली विभागात होता. सख्ख्या भावाला कर्ज देताना त्यानं दोन जामीनदार आणायला लावले होते. थकबाकीदार त्याची स्कूटर बघून मागच्या दारानं पळायचे. तोच माणूस अप्पांच्या त्या एका वाक्यानं विरघळला आणि "नाही नाही, कशाला करार" म्हणून मोकळा झाला. पैसे आम्ही पेढ्यांच्या बॉक्समधनं दिले, नुसती रक्कम हातात देणं बरं दिसत नाही म्हणून!

घर सोडायची पाळी आली ती अप्पांच्या पुतण्याचं लग्न ठरलं म्हणून. त्याला ते घर हवं होतं. सामान टेंपोत चढलं, आता डिपॉझिटचं बोलावं म्हणून मी तोंड उघडणार, तोच काकू खण-नारळ घेऊन आल्या आणि माझी ओटी भरायला लागल्या. पदर पसरून पाटावर बसलेली बाई पैसे कसे मागणार? अप्पा बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. मीही रडले. टेंपोवालाही जरा हळवा झाला. डिपॉझिट तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून आम्ही सासूबाईंच्या घरी. तिथं माझं शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. लोकांच्या ब्लाऊजना फोडणीचा वास लागायचा. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं, "शिवण चांगली आहे हो, पण घातल्यावर भूक लागते." त्याच वेळी कॉलेजच्या रस्त्यावर पोरेशेठचा एक गाळा रिकामा झाला. छोटासाच, पण रस्त्याला लागून. शेठ म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांबतो. अनामत आणून द्या. नाहीतर झेरॉक्सवाला मागं लागलाय." मला तो गाळा हवा होता. इतका हवा होता, की मी रात्री डोळे मिटून त्यात मशीन कुठं, आरसा कुठं ते लावत बसायची. आणि अनामतीचे पैसे सगळेच्या सगळे अप्पांकडं अडकलेले.

शिवरात्रही झाली. तेव्हा मी ॲडव्होकेट कुंदा बेडगेंकडं गेले. त्यांचे ब्लाऊज मीच शिवायची.

"करार नोंदवलाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"साधा कागद?"

"नाही."

"पावती? चेक?"

"रोख दिले. पेढ्यांच्या बॉक्समधनं."

कुंदाताईंनी चष्मा काढला. "आणि तो बॉक्स?"

"त्यांनी रिकामा करून परत दिला."

त्यांनी तो पुसून परत लावला. मग म्हणाल्या, "तरी तू पुरती बुडालेली नाहीस. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे, तुझ्यावर नाही. त्यानं नोंदवला नाही, तर काय काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरून चालतात. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. शिवाय न नोंदवल्याबद्दल मालकाला दंड होऊ शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही. आधी आपण नोटीस पाठवू. नाही ऐकलं तर दावा लावू. दावा काय, चालायचा तसा चालेल, पण नोटिशीनंच बरीच माणसं हलतात."

"मी सांगीन ते धरतात?" माझे डोळे चमकले. "म्हणजे समजा, मी दुप्पट रक्कम सांगितली तर…"

"तू?" कुंदाताई हसायलाच लागल्या. "अगं, तुझं स्वतःचं तुला मागता येईना, आणि तू कोर्टात उभी राहून खोटं मागणार? गप बस. जेवढे दिलेस तेवढेच लिहायचे. बरं, घर कुणाच्या नावावर आहे?"

"काकूंच्या."

"मग नोटीस काकूंना."

मी खुर्चीतनं उठलेच. "अहो, काकूंना कशाला? पैसे अप्पांनी घेतले!"

"मालक त्या आहेत ना? मग नोटीस त्यांनाच. वाटलं तर नवऱ्याचं नाव खाली घालू."

"आणि ती कैद?"

"ती मालकाला."

टायफॉइडमध्ये मी अंथरुणावर होते तेव्हा या बाईनं मला मऊ भात करून भरवला होता, माझे केस विंचरले होते. माझ्या आईनं केलं नसतं एवढं केलं होतं. आणि मी तिला तुरुंगाची भीती घालणार? नको म्हणावं असं वाटलं. पण डोळ्यांसमोर गाळा आला, त्यात झेरॉक्सचं मशीन घरघरताना दिसलं, आणि मी म्हटलं, "पाठवा." मग बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहून रडले, ते वेगळं.

नोटीस रजिस्टरनं गेली आणि मला राहवेना. मी ठरवलं, पोस्टमन यायच्या वेळेला तिथं जायचं, काहीतरी करून पाकीट आपणच घ्यायचं आणि गुपचूप अप्पांच्या हातात द्यायचं. स्वतःच पाठवलेली नोटीस स्वतःच पळवायला निघालेली सांगली जिल्ह्यातली मी पहिलीच बाई असणार. रोज दुपारी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हात उभी. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "कुणी हरवलंय का, वहिनी?"

शेवटी पोस्टमन आला तेव्हा मी नेमकी त्याच किराणावाल्याकडं पाणी पीत होते. धावत पोचले, तर काकू दारात उभ्या राहून पोचपावतीवर सही करत होत्या. एकेक अक्षर सावकाश काढत होत्या.

"अगं, नंदा! बरी आलीस. बघ, माझ्या नावानं रजिस्टर आलंय. माझ्या!"

"द्या, काकू, मी वाचते. ऊन किती आहे, तुम्ही आत बसा." मी हात पुढं केला.

"का? मला वाचता येत नाही होय?" त्यांनी चष्मा लावला आणि पायरीवर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "आमचे अशील सौ. नंदा विलास सरनोबत… अगं, ही तर तूच की!"

मी परत हात पुढं केला, काकूंनी तो बाजूला सारला.

"आपण सदर मिळकतीच्या मालक या नात्याने…" काकू थांबल्या. परत तेच वाचलं. बोट ठेवून परत एकदा. मग पुढचं सगळं मनातल्या मनात वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

"तुला डिपॉझिट मिळालं नाही?"

"नाही, काकू." आणि मी हुंदके द्यायला लागले. "मला तुमच्यावर नव्हतं करायचं, देवाशप्पथ…"

"रडू नको. ह्यांनी तर मला सांगितलं, दिवाळीतच देऊन टाकलं म्हणून. मग इतक्या वेळा येत होतीस ती कशाला?"

"मागायला."

काकूंचा चेहरा उतरला. "मला वाटायचं, माझी आठवण येते म्हणून येतीस."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तशीही यायची हो, काकू. पण अप्पा म्हणाले, तुमच्यासमोर पैशाचं बोलायचं नाही. तुम्हाला बीपी आहे."

"मला? बीपी ह्यांना आहे! रोज सकाळी गोळी मी देते." काकू उठूनच उभ्या राहिल्या. "काय बाई आहेस गं तू! अर्धा अर्धा तास माझ्या पुढ्यात बसून खातीस, सासूच्या गुडघ्याचं सांगतीस, आणि ज्या कामाला आलीस ते सांगत नाहीस? एकदा तोंड उघडलं असतंस माझ्यासमोर, तर त्याच दिवशी पैसे काढून दिले असते ह्यांच्याकडनं!"

चार-पाच महिने मी आणि अप्पा मिळून काकूंना सांभाळत होतो. अप्पांना त्याचा फायदा तरी होत होता. मी मात्र फुकटात त्यांची साथ करत होते.

काकू विचार करत होत्या. एकदम त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. म्हणजे ती फरशी!"

ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राला अप्पांनी हिवाळ्यात घसघशीत देणगी दिली होती. केंद्राच्या भिंतीवर संगमरवरी फरशी बसली होती, 'श्री. दत्तात्रय आवटी यांजकडून सप्रेम भेट.' समारंभाला मीही गेले होते. टाळ्याही वाजवल्या होत्या. माझ्याच पैशांना.

"मला म्हणाले, फंडाचे उरलेले पैसे होते." काकू आत गेल्या. मला वाटलं पाणी प्यायला गेल्या असतील. बाहेर आल्या त्या हातात पिशवी घेऊन. पिशवीत दोन लुगडी, टॉवेल आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा.

"कुठं निघाला, काकू?"

"तुरुंगात. यात लिहिलंय की तीन महिने. चल."

"अहो, असं लगेच कुणी नेत नाही! आधी दावा, मग…"

"ते तू मला नको सांगू. तू ये माझ्याबरोबर. आणि आज तरी गप बसू नकोस."

केंद्रात कॅरम रंगात आला होता. अप्पा नेम धरून बसले होते. काकू सरळ आत गेल्या, फरशीच्या बरोबर खाली एक खुर्ची ओढली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. निवृत्त हेडमास्तर हिरेमठ सरांनी अदबीनं विचारलं, "काय वहिनी, गावाला निघालात वाटतं?"

"नाही, सर. तुरुंगात."

अप्पांचा स्ट्रायकर थेट भोकात गेला.

"ह्यांनी भाडेकरणीचं डिपॉझिट घेतलं, ते परत दिलं नाही, आणि त्यातनं ही फरशी बसवली," काकू शांतपणे म्हणाल्या. "घर माझ्या नावावर आहे, म्हणून नोटीस मला आली. माझी काही तक्रार नाही, मी जाते. फक्त सर, ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा तुम्ही लिहून घ्या. एक सकाळी उपाशीपोटी असते."

"प्रमिला, घरी चल. घरी बोलू," अप्पा उठत म्हणाले.

"घरी बोलत नाही तुम्ही. म्हणून तर इथं आले."

"अगं, नंदा आपली आहे. तिला काय घाई…"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. सगळं केंद्र माझ्याकडं बघायला लागलं. खायला काही समोर नव्हतं, त्यामुळं टाळायला काही निमित्तही नव्हतं. "मला घाई आहे, अप्पा," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "पाडव्याला मला गाळा घ्यायचाय. माझे पैसे मला द्या."

मग हिरेमठ सर हळूच म्हणाले, "आवटी, देणगी परत करायची असली तर समितीपुढं ठेवू आपण. फरशी काय, काढता येईल."

"काढू नका!" अप्पा एकदम म्हणाले. इतका केविलवाणा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "उद्या ठेव मोडतो मी. पण फरशी राहू द्या, सर. माझं नाव कुठंच नाही हो. ऑफिसात साहेबाचं होतं. घर हिच्या नावावर. एवढी एक फरशी आहे."

मला त्यांचा राग आला होता, तो थोडा कमी झाला. काकूंचा झाला नाही.

दोन दिवसांनी काकू आमच्या घरी आल्या, एकट्या. सासूबाईंना आधी गुडघ्याचं विचारलं, आणि सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग काकूंनी पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. "मोजून घे."

"काय काकू, तुमच्यासमोर काय मोजायचं?"

"परत तेच? मोज म्हणते ना."

मोजले. कमी भरले. मी विलासकडं बघितलं, विलासनं छताकडं बघितलं. सगळी जिद्द गोळा करून मी म्हटलं, "काकू, कमी आहेत."

"शाब्बास! आता बोललीस," काकू खूश झाल्या. "कमी आहेतच. भिंतीला खिळे ठोकून ठोकून चाळण केलीस, ती बुजवून रंग द्यायचा. न्हाणीघराचा नळ मोडलाय. मागचं एक लाईट बिल भरलं नाहीस. ते सगळं कापलंय. काल मी स्वतः जाऊन घर बघून आले. मालकीण आहे मी."

कुंदाताईंनी सांगितलेला सगळा कायदा मी मनात धुंडाळला. खिळे मीच ठोकले होते. नळही मीच मोडला होता. म्हणजे काकूंचं बरोबर होतं, आणि पाडवा परवावर आला होता, आणि गाळ्याला तेवढेच पैसे कमी पडत होते. माझा चेहरा पडला.

"कमी पडतात का?" काकूंनी विचारलं.

"हो."

काकूंनी कमरेचा बटवा सोडला. "हे कापलेले पैसे. हे माझे. यातनं पाहिजे तर तुला उसने देते. पण फुकट नाही, आणि तोंडी तर मुळीच नाही. कागद करायचा."

कागद म्हटल्यावर विलासच्या अंगात पतसंस्था संचारली. त्यानं ताबडतोब कोरा कागद ओढला, 'मी, विलास…' असं झोकात लिहिलं आणि सही करायला वाकला.

"थांबा, जावईबापू. दुकान कुणाचं?"

"हिचं."

"मग उसने तुम्ही कशाला घेताय?" काकूंनी कागद त्याच्या हाताखालनं काढून घेतला आणि माझ्याकडं वळल्या. "गाळ्याचा करार कुणाच्या नावानं होतोय गं?"

"ह्यांच्या," मी पटकन म्हणाले. "व्यवहाराचं सगळं हेच…"

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. पोरेशेठनं विचारलं होतं तेव्हाही मी असंच पटकन सांगून टाकलं होतं. विचारसुद्धा केला नव्हता. रात्र रात्र डोळे मिटून ज्या गाळ्यात मी आरसा लावत होते, तो मी कुणीही न मागता विलासला देऊन टाकला होता. त्या बिचाऱ्याला त्याचं काही नव्हतंही. त्याला फॉल म्हणजे काय हेसुद्धा माहीत नव्हतं.

काकूंनी पेन माझ्या हातात दिलं. "नंदा, ते घर इतकी वर्षं माझ्या नावावर होतं, आणि त्याचा अर्थ मला पोस्टमन आल्यावर कळला. तुला कोण येऊन सांगणार आहे?"

मी नवीन कागद घेतला, माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. मग चपला पायात सरकवल्या आणि विलासला म्हटलं, "पोरेशेठकडं जाऊन येते. करार परत लिहायला सांगायचाय."